अंगावर घेतलेला आळ

“मम आता माझ्याकडे राहील. तिचे कपडे भरून ठेव,” रसेल दारातूनच म्हणाला, आणि तीन वर्षांनी सख्ख्या भावाचा आवाज ऐकणाऱ्या एव्हिसच्या हातातलं कागद कापायच्या यंत्राचं चाक फिरता फिरता थांबलं.

यंत्राच्या दोन रुळांमध्ये जाड पांढरा कागद आणि त्यावर ठेवलेला पातळ पोलादी साचा अडकून राहिला. अर्धं फुलपाखरू कापलं गेलं होतं, अर्धं अजून कागदातच होतं. टेबलाच्या पलीकडे त्या दोघांची मम, म्हणजे आई, बेरिल, रबरी ठसा शाईच्या गादीवर हलकेच टेकवत होती. तिनं मान वर करून लेकाकडे पाहिलं, गोड हसली आणि एव्हिसला चहा टाकायला सांगितला, जणू रसेल काल संध्याकाळीच येऊन गेला होता.

एव्हिस उठली. चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची सवय आता तिच्या हाडामांसात मुरली होती...

टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या विनयार्ड गावात या मायलेकींची कार्डं कुणाला ठाऊक नव्हती? वाढदिवस असो, बारसं असो की कुणाच्या घरचा शोक असो, बाजारातलं छापील कार्ड आणण्यापेक्षा लोक बेरिलचं दार वाजवत. बेरिल ठसे उमटवी, एव्हिस साच्यांतून पानं-फुलं कापून चिकटवी. ठशाची शाई ओली असतानाच तिच्यावर बारीक पावडर भुरभुरवायची आणि हीट गनची गरम हवा तिच्यावर सोडायची. पावडर वितळे आणि अक्षरं सोन्याच्या तारेसारखी उठून दिसत. मागच्या अंगणातल्या लाकडी शेडमध्ये हे सगळं चाले, आणि रसेलची बायको मोइरा आजारी पडली तेव्हा तीही तिथेच येऊन बसू लागली.

आपण जगणार नाही हे मोइराला कळून चुकलं होतं. लेकीच्या, जेसिंटाच्या, पुढच्या सगळ्या वाढदिवसांसाठी तिनं एकेक कार्ड करायला घेतलं. शेवटचं होतं लग्नाच्या दिवसाचं. तोवर तिच्या हातात चाक फिरवण्याचंही त्राण उरलं नव्हतं. ती कागद धरी आणि एव्हिस चाक फिरवी. ती कार्डं एका पत्र्याच्या पेटीत भरून शेडच्या फळीवर ठेवली होती, कारण मोइरा गेल्यावर ती पेटी घरात ठेवणं रसेलला सोसवेना. दर वाढदिवसाला एव्हिसच एक कार्ड काढून भाचीला नेऊन देई. असे मोजकेच वाढदिवस गेले, आणि मग ती दुपार उगवली.

त्या दुपारी शेड पेटली. हीट गन कागदांच्या चळतीवर चालू राहिली होती. दुधाचा टँकर घेऊन जाणाऱ्या रसेलला धूर दिसला, तो धावत आला, तेव्हा एव्हिस गवतावर बसली होती, बाही जळालेली, हात सोलवटलेला, आणि मांडीवर ठशांची लाकडी पेटी घट्ट धरलेली. त्यानं मोइराची पेटी कुठेय म्हणून विचारलं. एव्हिसनं मान हलवली. मग खाली बघत ती म्हणाली, की हीट गन माझ्याकडूनच चालू राहिली.

“म्हणजे तू आत गेलीस आणि ठसे घेऊन बाहेर आलीस,” रसेल म्हणाला होता. “माझ्या मोइराचा हात ज्यांना लागला होता ती कार्डं सोडून... ठसे.”

त्यानंतर तो बोललाच नाही. दर रविवारी आईला जेवायला न्यायला यायचा, पण गाडीतूनच हॉर्न वाजवायचा. जेसिंटा दुकानात समोर आली तर तोंड फिरवून दुसऱ्या रांगेत जायची. गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये बायका कार्डं करायला जमत, तिथेही हीट गन हातोहात फिरताना एव्हिसला वगळून पुढे जायची. “तिच्या हाती नको गं बाई,” असं कुणीतरी हसत म्हणायचं, आणि एव्हिसही हसायची. तिच्या हातावरचा डाग हिवाळ्यात ओढून यायचा. अंतःकरणात तर बारमाही थंडीच होती!

खरं काय ते दोघींनाच माहीत होतं. हीट गन चालू ठेवून उठली होती ती बेरिल. घरात येऊन ती खिडकीत गाणं गुणगुणत बसली होती, आपण काही करत होतो हेच विसरून. आग दिसल्यावर, आता हयात नसलेल्या नवऱ्यानं, कीथनं, लग्नानंतर घेऊन दिलेले ठसे आणायला ती शेडमध्ये घुसली, आणि तिला ओढून काढताना एव्हिसचा हात भाजला. गवतावर पडल्या पडल्या, अंगभर काजळी माखलेल्या आईनं लेकीचा हात धरून एकच विनवणी केली होती. विसरभोळेपणाची सुरुवात झालीय हे तिलाही आतून उमगत होतं. तिची बहीण वृद्धाश्रमात खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत, कुणालाच न ओळखता गेली होती. “रसेलला कळलं तर तो मला तिथे पाठवेल. सांगू नकोस गं...” तेवढ्यात टँकरचा आवाज आला, आणि एव्हिसनं आईच्या हातातली ठशांची पेटी काढून घेतली, तिला घाईनं घरात पिटाळलं आणि पेटी स्वतःच्या मांडीवर ठेवली.

तेव्हापासून आईला तिनं डोळ्यांआड होऊ दिलं नव्हतं. डॉक्टरकडे न्यायचं तर लाँसेस्टनला, दूर, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही. हीट गन कुलपात, माचिस कुलपात. तरी गेल्या आठवड्यात एव्हिस कपडे वाळत घालत असताना आईनं सुपाचं पातेलं चढवलं आणि ते करपून धूर झाला. शेजारणीनं तो पाहिला, एव्हिसनंच काही करपवलं असं समजून रसेलला कळवलं, आणि आज तो दारात उभा होता.

त्याच्या मागून जेसिंटा आत आली. वसंतात तिचं लग्न होतं. नॅनच्या, म्हणजे आजीच्या, हातच्याच निमंत्रणपत्रिका हव्यात, असा तिचा हट्ट होता. आजीला घरी न्यायचंच आहे तर जायच्या आधी इथेच, सगळं सामान हाताशी आहे तोवर, करून घेऊ म्हणून ती आली होती. तिनं पिशवीतून कागद काढले, सोनेरी पावडरची डबी काढली, आणि शेवटी एक नवी कोरी हीट गन काढून आजीसमोर ठेवली.

गरम हवेचं काम मी करते, असं एव्हिस शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली.

“तू नको,” जेसिंटा म्हणाली. “तू सोडून कुणीही चालेल.”

बेरिलनं नजर खाली वळवली आणि उगाचच ठसा पुसत राहिली. एव्हिसनं भाचीला एवढंच सांगितलं, की नॅनजवळून हलू नकोस. जेसिंटानं नुसता कागदांचा गठ्ठा सारखा केला.

स्वयंपाकघरात रसेल ओट्याला टेकून उभा होता. त्यानं सगळं ठरवून टाकलं होतं. मागची खोली रंगवून झाली होती, पलंग आला होता. एव्हिसनं विचारलं, तू पहाटे टँकर घेऊन निघतोस, जेसिंटा कामावर जाते, मग दिवसा घरी कोण? त्यावर तो म्हणाला, की शेजारची बाई डोकावून जाईल, आणि मम काही तान्हं बाळ नाही.

“तिला एकटी ठेवू नकोस, रसेल.”

“का?”

शब्द एव्हिसच्या ओठांशी आले. एक वाक्य, फक्त एक वाक्य उच्चारलं की तीन वर्षांचा कलंक धुऊन निघणार होता. पण त्याच वाक्यानं आईच्या मनगटाला खुर्चीचा पट्टा बांधला जाणार होता. आणि न बोलावं तर? रिकाम्या घरात, गॅसच्या शेगडीशी आई एकटी... बोललं तरी घात, न बोललं तरी घात! तिनं किटली नळाखाली धरली.

“मी पण येते तुझ्याकडे,” ती अखेर म्हणाली. “कोपऱ्यात पडून राहीन. तू माझ्याशी बोलूही नकोस.”

रसेलच्या चेहऱ्यावर तिरस्कार उमटला. “एक शेड जाळलीस. परवा घर जाळायला निघाली होतीस. आणि मी तुला माझ्या छपराखाली आणू? माझ्या आईला मी तुझ्यापासूनच तर सोडवायला आलोय, एव्हिस.”

तिच्या नाकाला वास लागला होता. कागद तापल्यावर येतो तो कडवट, ओळखीचा वास. किटली तशीच टाकून, ओट्यावरचं ओलं फडकं उचलून ती धावली, आणि तिच्या मागोमाग रसेल.

टेबलाशी कुणीच नव्हतं. जेसिंटा पाकिटं आणायला गाडीकडे गेली होती. हीट गन आडवी पडून निमंत्रणपत्रिकांच्या गठ्ठ्यावर गरम हवा फेकत होती. कडा तपकिरी होता होता वरच्या कागदानं पेट घेतला आणि ज्वाळेची जीभ पडद्याकडे वळली. एव्हिसनं भिंतीतला प्लग उपसला, हातातलं ओलं फडकं गठ्ठ्यावर दाबलं, पडदा ओढून खाली पाडला. तिच्या हालचालीत जराही गोंधळ नव्हता. हे आपल्याला कधीतरी पुन्हा करावं लागणार, म्हणून तिनं मनात कितीदा तरी करून पाहिलं असावं.

बेरिल काचेच्या दाराशी पाठमोरी उभी राहून अंगणातले पक्षी पाहत गुणगुणत होती. धुरानं तिला ठसका लागला तेव्हा ती वळली. काळा पडलेला गठ्ठा तिनं पाहिला, मग चौकटीत उभा असलेला, बापाच्याच रुंद खांद्यांचा रसेल पाहिला, आणि तिचे डोळे भयानं भरून आले. ती त्याच्याजवळ गेली. त्याच्या शर्टाची बाही धरून अगदी खालच्या आवाजात बोलू लागली.

“कीथ... पुन्हा झालं रे माझ्याकडून. शेडमध्ये झालं होतं तसंच. रसेलला सांगू नकोस हं. त्या वेळी एव्हिसनं स्वतःच्या अंगावर घेतलं. मला आगीतून ओढून काढलं, आणि वर म्हणाली, माझ्याकडूनच झालं. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नाही. गुणाची आहे रे आपली पोर... पण तू सांगू नकोस. मला तिथे पाठवतील.”

दारात जेसिंटा पाकिटांचा खोका छातीशी धरून उभी होती. तिनं प्रत्येक शब्द ऐकला होता.

रसेलनं आईला हळूच खुर्चीवर बसवलं आणि तो मागच्या दारानं अंगणात निघून गेला. शेडच्या जागी आता नुसता सिमेंटचा ओटा उरला होता. तिथे तो पाठ करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं एव्हिस बाहेर आली, तेव्हा तिला दिसलं की एवढा धिप्पाड माणूस, पण त्याचे खांदे गदगदत होते.

त्यानं विचारलं, “का नाही सांगितलंस?”

“तू तिला पाठवलं असतंस.”

“हो,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “पाठवलं असतं.”

“आणि मोइराची कार्डं गेल्यावर तुला कुणावर तरी रागवायचंच होतं, रसेल. तिच्यावर रागावला असतास तर ती त्यातच गेली असती. मी नाही गेले.”

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. मग रागावला, खरोखर रागावला... तू एकटीनं हे ओढलंस, एखाद्या दिवशी दोघी जळून मेला असतात, आणि मी शवपेटीशी उभा राहूनही तुलाच दोष दिला असता, हे तुला कळतं का, असं तो ओरडून बोलला. त्यानं तिचा डावा हात धरला, बाही वर सारली आणि मनगटापासून कोपरापर्यंत पसरलेल्या त्या खरखरीत डागावर स्वतःचा तळवा ठेवला. माफी मागायला त्याला शब्द सापडले नाहीत. तिनं त्याला शोधायलाही लावले नाहीत.

“आता कळलंय तुला,” ती म्हणाली. “आता पाठवशील?”

तो नाही म्हणाला. एकदाच, आणि हळू आवाजात.

जेसिंटा मागे येऊन उभी राहिली होती. आत्याच्या नजरेला नजर देणं तिला जमत नव्हतं. शेवटी तिनं जे विचारलं, ते विचारायची तिला इतकी वर्षं ओढ होती, आणि विचारायचं तर त्याच आत्याला, जिच्याशी तिनं बोलणं तोडलं होतं.

“आंटी एव्हिस... त्या लग्नाच्या कार्डावर माझ्या ममनं काय लिहिलं होतं?”

एव्हिसला खोटं बोलणं सोपं होतं. चार मायेची वाक्यं रचून दिली असती तर पोरीनं ती जन्मभर जपली असती. पण खोट्याचं ओझं किती असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“मला माहीत नाही, राणी. तिनं हातानं झाकून लिहिलं, मला बघू दिलं नाही. पण लिहिताना ती हसत होती. एवढं मी पाहिलंय.”

जेसिंटानं आत्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली.

बेरिल त्याच घरात राहिली. रसेलनं दुपारची फेरी दुसऱ्याला देऊन मोकळीक मागून घेतली. त्या वेळी तो आईजवळ बसे, म्हणजे एव्हिसला समुद्राकाठी फिरून येता येई. जळालेल्या पत्रिका जेसिंटानं आत्याजवळ बसून पुन्हा केल्या. लग्नात बेरिलनं नातजावयाला तीनदा त्याचं नाव विचारलं आणि तिन्ही वेळा ते तिला फार आवडलं. पुढच्या गुरुवारी रसेल बहिणीला हॉलपर्यंत सोडायला गेला, आत शिरला, टेबलावरची हीट गन उचलून त्यानं एव्हिसच्या हातात दिली आणि सगळ्या बायकांच्या देखत तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिला. कुणी काही विचारलं नाही. त्यानंही काही सांगितलं नाही, कारण आईची लाज आता त्याचीही झाली होती.

हिवाळा आला तेव्हा बेरिल बहुतेक दिवस त्याला कीथच म्हणू लागली होती. एका दुपारी ती कोऱ्या कागदावर शाई नसलेला ठसा पुन्हापुन्हा टेकवत होती. एव्हिस फिरून आली, दारात बूट काढत होती. तेवढ्यात आई रसेलच्या कानाशी वाकली आणि भेदरून कुजबुजली, की शेडचं काही रसेलला कळलं तर नाही ना?

एव्हिसचा हात बुटाच्या नाडीवर थबकला.

रसेलनं आईच्या हातावर हात ठेवला. “नाही गं, बेरिल,” तो आपल्या बापाच्या संथ आवाजात म्हणाला. “त्याला काहीसुद्धा माहीत नाही. आणि कधी कळणारही नाही.”

बेरिलनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढचा कागद ओढून घेतला.