उशिरा पेटणारा कोळसा

परळीत कोळशाच्या वखारीत येणारी माणसं कोळसा हातात घेऊन बघतात, भाव करतात, पोतं उचलतात. कानाला लावून कुणी बघत नाही. म्हणून थंडीतल्या त्या सकाळी पांढऱ्याशुभ्र शर्टातला एक तरुण दोन कोळसे एकमेकांवर हलकेच आपटून, मान तिरकी करून ऐकताना दिसला, तेव्हा गल्ल्यावर बसलेल्या कावेरीला हसू आवरेना.

"लागला का फोन?" तिनं विचारलं.

तो दचकला. कोळसे हातातून निसटले आणि शर्टावर काळा पट्टा उमटला.

"आवाज बघत होतो. चांगला कोळसा वाजतो."

"ते आमालाबी ठाऊक हाय. पर वखारीत पांढरा शर्ट घालून कोण येतं?"

त्याचं नाव केदारनाथ. केजच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. पुण्यातल्या एका हॉटेलात तो निखाऱ्यावर भाजायचं काम शिकला होता, आणि आता केजच्या बस स्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकणार होता. कणसं, वांगी, रताळी, पनीर... सगळं शाकाहारी, सगळं निखाऱ्यावर. त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या राखाडी कांड्या काढल्या.

"हा जपानचा. बिंचोतान म्हणतात. पुण्याहून निघताना हॉटेलातल्या उस्तादांनी दिला."

कावेरीनं दोन कांड्या एकमेकींवर वाजवल्या. टण्ण... देवघरातल्या घंटेसारखा आवाज. हाताला काळंही लागलं नाही. तिनं पुन्हा वाजवल्या, उगाचच.

"ओकचं लाकूड असतं," केदार सांगू लागला. "शेवटी भट्टी लई तापवतात, अन् लालभडक कांड्या बाहेर ओढून राखमातीत विझवतात. तिकडं साधा काळा कोळसाबी हाय, तो लवकर पेटतो अन् लवकर सरतो. हा मात्र पेटायला जीव खातो. पर एकदा पेटला की... धूर न्हाई, जाळ न्हाई, तासन् तास नुसती धग."

"अन् असला तुमाला परळीत पायजे?"

"त्याच्या जवळपास जाणारा तरी."

कावेरी ढिगाऱ्यापाशी उकिडवी बसली. "मग बाभळीचा घ्या. साल चिकटलेला नको, धुरतो. ठिसूळबी नको. हा बघा, जड हाय, अन् मोडला की आतून चमकतो."

तो दोन किलो घेऊन गेला... आणि चार दिवसांत परत आला. कणसाला धुराचा वास येतो म्हणे. पुढच्या खेपेला ठिणग्या उडतात म्हणे. मग तुकडे लहान आहेत. मग मोठे आहेत. दरवेळी कावेरी नाक मुरडायची आणि दरवेळी स्वतः निवडून द्यायची.

"बाकीची गिऱ्हाइकं पोतं नेतात. तुमी दोनच किलो. कावून?"

"जीपमध्ये पोतं घेऊ देत न्हाईत," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

केजच्या जीपमध्ये शेळ्यासुद्धा बसतात, हे कावेरीला माहीत होतं. नवा माल उतरला की वाजणारे कोळसे ती एका टोपलीत बाजूला काढून ठेवू लागली. टोपली भरत आली की रस्त्यावर थांबणाऱ्या प्रत्येक जीपकडे तिचं लक्ष जायचं.

तिच्या वडिलांच्या, कल्याणरावांच्या नजरेतून हे थोडंच सुटणार होतं? "त्या पोराला कोळसा घ्यायचा हाय का वखार?" ते एकदा म्हणाले. आणि त्याच आठवड्यात अंबाजोगाईच्या पाहुण्यांचा निरोप आला.

"रविवारी मला बघायला यायलेत," केदारचा कोळसा तोलता तोलता कावेरी म्हणाली. नजर काट्यावरच होती.

केदारनं एक कोळसा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"किती वाजता?"

"चारला."

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. कोळसा काट्यावर तसाच, आणि तुलनेला म्हणून दरवेळी सोबत आणायचा त्या बिंचोतानच्या कांड्याही गल्ल्यावर तशाच.

बरं... एवढंच? त्या रात्री कावेरी उशीत तोंड खुपसून रडली. तिचा जीव त्याच्यात गुंतला होता, आणि त्या माणसाला एका शब्दापलीकडे बोलता येत नव्हतं.

रविवारी सकाळी तिनं रागारागानं त्या कांड्या अंगणातल्या पाणी तापवायच्या बंबात कोंबल्या, खाली बाभळीचे चार निखारे टाकले. निखाऱ्यांवर राख चढली, पाणी जेमतेम कोमट झालं, कांड्या ढिम्म.

"कोळसा हाय का दगड?" कुडकुडत अंघोळ उरकून कल्याणराव ओरडले.

दुपारी बाराच्या सुमारास दारात जीप थांबली. पाहुणे इतक्या लवकर? कावेरी खिडकीशी धावली. जीपमधून आधी एक म्हातारे गृहस्थ उतरले, मग काठापदराच्या लुगड्यातली बाई, आणि त्यांच्यामागून केदार. शर्ट पांढराच होता, पट्टा पुसट झालेला.

कल्याणरावांनी रीतीप्रमाणे पाय धुवायला पाणी मागवलं. कावेरीनं बंबाची तोटी फिरवली... आणि हात झटकन मागे घेतला. पाणी कढत होतं. तिनं वाकून पाहिलं. आत कांड्या शांतपणे लाल झाल्या होत्या.

"सकाळपास्नं कुणी जाळ घातला यात?" कल्याणराव जवळ येऊन बघत राहिले.

"कुणीच न्हाई, आप्पा. तो दगड पेटला."

केदार पुढं आला. "काका, मीबी उशीरच केला. त्या दिवशी यांच्याशी बोलायचं होतं... पर घरी इचारल्याबिगर शब्द कसा द्यावा? म्हणून आई-आबांना घेऊनच आलो. मला कावेरीशी लगीन करायचंय."

कल्याणरावांनी एकदा बंबाकडे पाहिलं. मग लेकीकडे वळले. "तुझं काय म्हणणं हाय?"

"मला हाच पायजे, आप्पा," कावेरी म्हणाली. मान खाली गेली नाही.

"मग अंबाजोगाईला फोन लावतो. लोक वाटेला लागायच्या आत सांगितलेलं बरं," म्हणत कल्याणराव घरात गेले.

कावेरीनं बादलीत गार पाणी मिसळून तांब्या भरला आणि केदारच्या पायांवर हळूच ओतला.

"खरं सांगा," ती पुटपुटली. "आमच्या कोळशात खोट काय होती?"

"काईच न्हाई. पहिलेच दोन किलो झकास होते."

"मग उरलेल्याचं काय केलं?"

"घरी पडलाय सगळा. दुकानाला महिनाभर पुरंल."

कावेरी खुदकन हसली आणि उरलेला तांब्या तिनं त्याच्या पांढऱ्या शर्टावर रिकामा केला.