छोट्या पियानोचा खर्ज

हातातून निसटलेली सुई शोधायला ऑर्नेला पियानोखाली शिरली, तेवढ्यात वर कुणीतरी धाडकन खर्जाच्या पट्ट्या दाबल्या. ती दचकली आणि डोकं फळीवर आपटलं.

"खाली कोण आहे?" एक कुरळं डोकं वाकून डोकावलं.

"तुमचा खर्ज शोधतेय," ती कपाळ चोळत म्हणाली. "वर तर ऐकू येत नाही."

हा सिल्व्हानो, त्रिएस्तेहून आलेला. हा जेमतेम दीड मीटरचा ग्रँड पियानो त्याच्याच आराखड्यावर बेतलेला. मूर्ती लहान, कीर्ती महान, असं म्हणत कारखान्यातले सुतार त्या पियानोवरून सिल्व्हानोला चिडवायचे. ऑर्नेला तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या नमद्याला, म्हणजे दाबलेल्या लोकरीला, सुया टोचून सूर मऊ करायची. टोचणं तिला बोलण्यातही छान जमायचं. आठवड्याभरात दोघं अरे-तुरेवर आली, आणि त्याची पावलं वाजली की तिचे कान गरम व्हायला लागले.

पण मालक तुल्लिओंनी पियानो ऐकून तोंड वाकडं केलं. वरचे सूर मधासारखे, खर्ज मात्र भिजलेल्या ढोलासारखा. शनिवारपर्यंत सुधारला नाही तर आराखडा बाद, आणि सिल्व्हानोने त्रिएस्तेची गाडी धरावी.

ऑर्नेला पुन्हा पियानोखाली शिरली आणि सिल्व्हानो वाजवत असताना तारांखालच्या, सूर घुमवणाऱ्या फळीला तळहात लावून पाहिला. मधोमध थरथर होती, कडेला काहीच नाही. कारखान्याच्या शिरस्त्याप्रमाणे फळीची कड मोठ्या पियानोइतकीच जाड ठेवली होती; त्या जाड कडेने छोट्या फळीला आवळून धरलं होतं.

"मी खालून कड तासतो, तू वाजव," सिल्व्हानो म्हणाला. "जास्त गेली तर फळी वाया. थांबायचं कधी, ते तू सांग."

रंधा हळूहळू फिरू लागला. ती एकच पट्टी दाबत राहिली.

"ऑर्नेला..." खालून आवाज आला. समोरासमोर त्याला हे जमलंच नसतं. "हे साधलं तर — मला रविवारी तुझ्या आईकडे जेवायला यायचंय."

रविवारी आईच्या टेबलावर कुणाला बसवायचं, याचा अर्थ गावात सगळ्यांना कळतो. तिने पुन्हा पट्टी दाबली... आणि सूर उमलला. खोल, गोल, भिंतीपर्यंत भरून राहिला.

"बस," ती म्हणाली. "थांब आता."

तुल्लिओ दारातच उभे होते. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, असाच दुसरा करायला घ्या म्हणाले आणि निघून गेले. ऑर्नेलाचा जीव भांड्यात पडला. ती वाकून खाली शिरली. सिल्व्हानोच्या पापण्यांवर लाकडाचा भुसा बसला होता. तिने हलकेच फुंकर मारली.

"रविवारी एक वाजता ये," ती म्हणाली. "आणि पोटभर जेव. ताटात अन्न टाकणाऱ्याला आई जावई करून घ्यायची नाही."