सात फरश्या

येसाजीनं टीव्ही बाहेर लावला तो यल्लव्वासाठी. तिचा दमा वाढला होता. घरात तिचा जीव घुसमटायचा, म्हणून पुढच्या पत्र्याच्या पडवीत तिची खाट टाकली होती. पडून पडून ती आपलेच श्वास मोजायची. मालिका चालू असली म्हणजे मोजायची नाही.

जावई सुशांत पुण्याचा. तो म्हणाला, "मामा, हा घरातला टीव्ही आहे. बाहेरचा वेगळा मिळतो. दमट हवा, धूळ, पाली... महिनाभर टिकायचा नाही."

"माझं लेथ मशीन या कानडी मुलखात, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं धुळीतच चाललं," येसाजी म्हणाला आणि मोजपट्टी घेऊन उठला.

काम असं केलं की बघत राहावं. सागाची पेटी केली. पुढं काच बसवली, जरा खाली झुकवून, म्हणजे उन्हाची तिरीप डोळ्यांवर यायची नाही. गरम हवा जायला मागं वरच्या बाजूला भोकं पाडली. त्यांना डासांची जाळी आणि वर पावसाची टोपी. वायरीला खाली झोल दिला; पाणी झोलावरून गळून जावं, आत जाऊ नये. बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या कोपऱ्यात ठेवल्या. एक पावसाळा गेला. आत मुंगीसुद्धा शिरली नाही. सुशांतनं बोटानं सांधे चाचपले आणि मान डोलावली.

दिवेलागणीला यल्लव्वा टीव्ही बंद करायला लावायची. देवाजवळ दिवा लागताना मालिकेतली रडारड नको, म्हणायची. त्याच वेळेला लेक प्रणिता इलेक्ट्रॉनिक सिटीतलं काम आटोपून यायची आणि फाटकातून हाक मारायची, "बा, कडी काढ."

एका संध्याकाळी येसाजी कडी काढून आला, तेव्हा यल्लव्वा काळ्या पडद्याकडं बघत होती.

"अहो, प्रणिताच्या मागनं कोण आलं?"

त्यानं वळून पाहिलं. फाटकाजवळ कोणी नव्हतं. मग पडद्यात पाहिलं. त्यात खाट दिसत होती, खाटेमागं अंगण, अंगणाच्या टोकाला फाटक. फाटकाच्या आत कोणीतरी उभं होतं. उंच. हात सरळ खाली सोडलेले. तोंडाच्या जागी नुसता अंधार. ओल्या राखेचा वास आला आणि गेला.

येसाजी ओरडला नाही. फाटकापासून खाटेपर्यंत सात फरश्या होत्या. पहिल्या फरशीवर त्यानं खडूनं रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या फरशीवर होतं. रविवारी प्रणिताला सुट्टी होती, फाटकातून हाक आली नाही, तेव्हा ते हललं नाही. सोमवारी तिनं दोनदा हाक मारली आणि ते दोन फरश्या पुढं आलं. प्रत्येक फरशीबरोबर यल्लव्वाचा श्वास आखूड होत होता.

मंगळवारी हाक आली तशी पाचवी फरशी गेली. बुधवारी सहावी. त्या संध्याकाळी येसाजी खडू हातात घेऊन बसला होता. शेजारची बाई आपल्या मुलाला जेवायला बोलवत होती. "बा... बा..." कानडीत बा म्हणजे ये.

मराठीत बाप. कानडीत ये. त्याची लेक रोज फाटकात उभी राहून बापाला हाक मारत होती, आणि बाहेरचं कोणीतरी ती हाक आपल्याला समजून आत येत होतं.

त्यानं प्रणिताला जवळ बसवून सगळं सांगितलं. मग म्हणाला, "आजपासनं मला बा म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"काही नको. नुसती कडी वाजव."

तिचे डोळे भरले. पस्तीस वर्षांची हाक होती ती. येसाजीनं मान फिरवली. त्याचा तो एकच शब्द होता, ज्यानं तो मऊ व्हायचा. तोही त्यानं दिला.

गुरुवारी नुसती कडी वाजली. ते पुढं आलं नाही, पण मागंही गेलं नाही. सहाव्या फरशीवर, यल्लव्वाच्या उशाशी, एका हाताच्या अंतरावर उभं राहिलं. यल्लव्वाच्या छातीत शिट्टी वाजत होती. सुशांत म्हणाला, टीव्ही आत नेऊ या, काढूनच टाकू.

"टीव्ही काढला तर ते जायचं नाही," येसाजी म्हणाला. "फक्त दिसायचं बंद होईल."

मग तो उठला. खाट आणि ती रिकामी जागा यांच्या मधे जाऊन उभा राहिला. सत्तरी उलटलेला माणूस, पाठ ताठ. समोर काहीच नव्हतं, पण तोंडावर गारठा लागत होता. जे कानडीत आलं त्याला कानडीतच घालवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. एकच शब्द बोलायचा होता. होगु. जा.

त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं.

पडद्यात ते वळलं. एकेक फरशी मागं गेलं. फाटकाबाहेर गेलं. यल्लव्वानं असा लांब श्वास घेतला, जसा तिनं सहा महिन्यांत घेतला नव्हता. "गेलं हो," ती म्हणाली आणि तिथंच तिला झोप लागली.

प्रणिता मात्र पांढरी पडली होती. "तू काय म्हणालास त्याला?" तिनं हळूच विचारलं.

"जा म्हणालो."

"नाही... तू 'होगी बा' म्हणालास."

येसाजीला आपलेच शब्द आता ऐकू आले. ज्या मुलखात चाळीस वर्षं काढली तिथं उंबऱ्यावर कोणी कोणाला नुसतं जा म्हणत नाही. होगी बा म्हणतात. जाऊन ये. जिभेला तीच सवय होती.

यल्लव्वा आता बरी आहे. पडवीत बसून भाजी निवडते, मालिका बघते. पडद्यात कोणी दिसत नाही. फाटकाला येसाजीनं नवी कडी बसवली, कुलूप घातलं. रोज दिवेलागणीला तो ते ओढून बघतो, मग येऊन काळ्या पडद्यात बघतो.

पडद्यातलं फाटक सताड उघडं असतं.

यल्लव्वाला त्यानं हे सांगितलेलं नाही. खुर्ची फिरवून, टीव्हीकडं पाठ करून, तो फाटकाकडं तोंड करून बसतो. ती विचारते, "अहो, मालिका बघत नाही का?"

"तू बघ," तो म्हणतो.