डॉक्टरच्या भाचीची पाच वाक्यं

बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि ग्रंथालयाच्या बालविभागातल्या बुटक्या खुर्चीवर एक उंच माणूस गुडघे छातीशी घेऊन बसला होता. केसांतून पाणी निथळत होतं, पण शर्टाच्या आत जपून आणलेलं पुस्तक मात्र कोरडं ठणठणीत.

"माझ्या पेशंटचं आहे. दवाखान्यात विसरून गेली," तो म्हणाला. "मी दातांचा डॉक्टर, मागच्याच गल्लीत. तुमचा शिक्का दिसला, म्हटलं देऊन टाकावं."

"बरं केलंत." बालविभाग सांभाळणाऱ्या तरुणीनं हात पुढे केला. पुस्तक काही त्याच्या हातून सुटेना.

"याचा... पुढचा भाग आहे का हो?"

तिनं वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"भाचीसाठी," तो घाईघाईनं म्हणाला. "नऊ वर्षांची आहे. फार वाचते."

तिला मुलं पुस्तकताई म्हणत. मुलांचं ऐकून त्यांचे आईवडील आणि ग्रंथालयातला शिपाईही तेच म्हणत. तिचा एक नेम होता – शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचल्याशिवाय कुठलंही पुस्तक मुलांच्या हाती द्यायचं नाही. सात वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. यंदा तिच्याकडे आणखी एक काम आलं होतं. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना कोणत्या गोष्टी वाचायला द्याव्यात, त्याची यादी करायची. ती छापून गावातल्या प्रत्येक शाळेत जाणार होती. नियम तिनंच घातला: प्रत्येक पुस्तकाखाली ते वाचलेल्या मुलाचं स्वतःचं एक वाक्य. वाक्य नाही, तर पुस्तक नाही. मोठ्यांच्या शिफारशींवर तिचा भरवसा नव्हता. मोठी माणसं मुलांसाठी औषध निवडावं तशी गोष्ट निवडतात, असं ती म्हणे.

डॉक्टर दर शनिवारी येऊ लागला.

"काय म्हणाली भाची?"

"म्हणाली, या गोष्टीतली मुलगी रडत नाही, म्हणून मलाच रडावं लागलं."

तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "लिहून घेऊ? यादीसाठी?"

"घ्या की," तो म्हणाला आणि उगाचच खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढच्या शनिवारी मगरीची गोष्ट परत आली. "मगर येणार, येणार असं वाटत राहतं, आणि न येणारी मगरच जास्त घाबरवते." मग थापा मारणाऱ्या आजोबांची. "आजोबा खोटं बोलतात हे मला कळलं होतं, पण मी त्यांना कळू दिलं नाही."

"केवढी समजूतदार पोर आहे हो! कुणावर गेलीय?"

"मामावर. घरचे सगळे म्हणतात."

"घरचे म्हणजे तुम्हीच ना?"

तो हसला. हसला की डोळे अगदी मिटून जायचे. तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली होती. सगळं जग तिला ताई म्हणायचं, आणि हा माणूस 'पुस्तक...' इथवर येऊन अडखळायचा, खोकायचा आणि दुसरंच काहीतरी बोलायचा. शनिवारी सकाळी आरशासमोर तिचा पाय जरा जास्तच रेंगाळू लागला होता.

पाचवं वाक्य लिहून झालं तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या सोमवारी यादी छापायला जाईल. त्याआधी, येत्या शनिवारी, मुलं आपापली वाक्यं वाचून दाखवणार आहेत. भाचीला आणाच. पहिला मान तिचा."

पण शनिवारपर्यंत त्याला धीर धरवला नाही. तो मंगळवारीच आला, एकटा.

"भाची आहे," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "पण सव्वा वर्षाची. पुस्तकं तिला आवडतात... विशेषतः कोपरे. खाते ती."

ती हसली नाही. "मग ती वाक्यं?"

"माझी. पहिल्या दिवशी लाज वाटली. एवढा घोडा झालेला माणूस लहान मुलांचं पुस्तक मागतोय... तोंडातून भाची निघून गेली. मग तुम्ही इतक्या मायेनं तिची चौकशी करायला लागलात की..."

ती कधी आवाज चढवत नसे. रागावली की उलट आवाज खाली जाई. "ही यादी मुलांच्या शब्दावर उभी आहे, डॉक्टर. उद्या एखाद्या मुलीनं विचारलं, ही कोण, मला भेटव – तर मी कुठल्या तोंडानं उत्तर देऊ?"

तिनं यादीतल्या पाच पुस्तकांच्या नावांवर पाच रेघा मारल्या. न रडणाऱ्या मुलीच्या वाक्यावर पेन क्षणभर थबकलं... मग तीही रेघ ओढली.

"पुस्तकांचा काय दोष?" तो हळूच म्हणाला. "पाच मुलं मी देतो. खरी. थोडे दात पडलेली, पण खरी. रविवारी सकाळी माझ्याकडे मुलांचाच दवाखाना असतो. आज पुस्तकं द्या, मुलांच्या घरी पोचवतो; रविवारी येऊन विचारा."

तिनं पाचही पुस्तकं काढून त्याच्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "ती बोलतील तेच लिहायचं. तुम्ही मध्ये चकार शब्द काढायचा नाही."

शनिवारी मुलांचं वाचन भाचीविनाच पार पडलं. रविवारी दवाखान्यात औषधाचा वास होता, आणि भिंतीशी ओल्या छत्र्यांची रांग. ती वही घेऊन बाकावर बसली. "या मुलीसारखी मैत्रीण मला पाहिजे," एकीनं सांगितलं. "आमचे आजोबापण थापा मारतात, पण इतक्या भारी नाही," दुसरा म्हणाला. चार पुस्तकं तरली. पाचवी आली पुढचे दोन दात नसलेली, हातात मगरीची गोष्ट घेऊन.

"वर एवढी मोठी मगर काढलीय, आणि आत साधी शेपूटसुद्धा नाही! फसवतात. कुणाला देऊ नका."

हे डॉक्टरचं सगळ्यांत लाडकं पुस्तक, पुस्तकताईला ठाऊक होतं. त्याचं तोंड उघडलं... आणि मिटलं. त्यानं तिच्या हातून पेन घेतलं आणि मगरीच्या नावावर स्वतःच पुन्हा रेघ ओढली.

"बरोबर आहे तुझं," तो पोरीसमोर उकिडवा बसून म्हणाला. "वर मगर दाखवली तर आत द्यायला हवी. माझं चुकलं."

"ठीक आहे," पोरगी म्हणाली. "पुन्हा नका करू." आणि पिशवीतलं दुसरं पुस्तक काढून आत तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसली.

एका लहान मुलीच्या शब्दापुढे आपलं मत इतक्या सहज खाली ठेवणारा मोठा माणूस पुस्तकताईनं आजवर पाहिला नव्हता. तिनं वही मिटली.

"राग गेला?" त्यानं विचारलं.

"गेला. पण चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय. त्या भाचीवर जीव जडला होता माझा."

"ती नाहीच..." तो अगदी हळू म्हणाला. "वाक्यं मात्र खरी होती. ज्याच्या मनातून आली तो चौतीस वर्षांचा आहे. चालेल?"

एरवी ती 'विचार करून सांगते' म्हणाली असती. "चालेल," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून चकित झाली. "पण यापुढे जे वाटेल ते स्वतःच्या नावानं सांगायचं."

"मग आत्ताच सांगतो. पुस्तकं मला आवडतातच. पण दर शनिवारी मी तुम्हाला बघायला येत होतो. मला तुम्ही फार..."

"डॉक्टर!" आतून हाक आली. दोघंही दचकली. खुर्चीतल्या मुलीनं पुस्तकातून मानही वर केली नव्हती.

"तुमचं होऊ द्या सावकाश. माझाही धडा संपायचाय."