पहारेकऱ्यांची झोप

"माझी किडनी कोणीतरी मारतंय," फोनवरचा माणूस म्हणाला.

इन्स्पेक्टरबाईंना वाटलं, याचं डोकं ठिकाणावर नसावं. पण आवाज अगदी शांत होता, आणि शांत आवाजाचाच बाईंना जास्त धसका असायचा. त्या निघाल्या.

किडनी आता त्याची नव्हतीच म्हणा. घरात सगळे त्याला दादा म्हणत, आणि गेल्या वर्षी या दादाने ती धाकट्या भावाला दिली होती. आता धाकटा इस्पितळात पडून होता. पाय सुजलेले, लघवी जेमतेम.

"सोपं करून सांगा," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "माझं विज्ञान शाळेतच सुटलं."

"किडनी रक्त गाळते. ती बंद पडली की घाण रक्तातच साचते, म्हणून दुसऱ्याची बसवायची. पण रक्तात पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. त्या पहारेकऱ्यांना पाहुणा कोण आणि चोर कोण, काही कळत नाही. परकं दिसलं की तुटून पडतात. त्यांना झोपवायला गोळी घ्यायची, जन्मभर."

"ती चुकली असेल."

"नाही ना. इथे नर्स स्वतः तोंडात घालते. गोळी अस्सल आहे, डोस दुप्पट केलाय. तरी रक्तात औषध नावालाही नाही."

"मग जातं कुठे?"

"काही औषधं अशी असतात की ती पोटात गेली की यकृत दुसऱ्या औषधाचा फडशाच पाडतं. तसलं काही घेतोस का, म्हणून खोदून विचारलं. शपथेवर नाही म्हणतो. त्याच्या नकळत कोणी देत असेल, तर ते तुम्ही शोधा. पण लवकर. किडनी हातची चाललीय."

वॉर्डात धाकटा छताकडे बघत पडला होता. उशीच्या अभ्र्यावर, डोळ्यांच्या बाजूला केशरी डाग होते.

"गाजराचं सूप सांडलं असेल," दादा म्हणाला. "दोन्ही वेळा घरून येतं. पिऊन पिऊन ससा झालाय."

कोणी हसलं नाही. तो स्वतःही नाही.

खिडकीशी धाकट्याची बायको उभी होती. तोंडावर पांढरा मास्क, ब्लाउज सैल होऊन खांद्यावरून उतरलेला.

"घरातसुद्धा मास्क काढत नाही ही," दादा म्हणाला. "झोपतेही वेगळ्या खोलीत. याला जंतू लागू नयेत म्हणून. अशी बायको नशिबाने मिळते."

बाईंनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"सूप तुम्हीच करता?"

"हो."

"तुम्हीही घेता?"

"नाही. गाजर मला तोंडात धरवत नाही."

"बऱ्याच बारीक झालात."

"जागरणं." ती खोकली. "धूळ आहे इथे."

"किडनी गेली तर काय कराल?"

डोळ्यांतून पाणी आलं, तिने पुसलंही नाही. ते मास्कच्या कडेवर उतरलं. बाई त्या कडेकडे बघत राहिल्या. मग उठून डॉक्टरांकडे गेल्या.

"डोळ्यांतलं पाणी केशरी कशाने होतं?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

थोड्या वेळाने दादा आणि भावजय दोघंही डॉक्टरांच्या खोलीत होती.

"सुपाचे डाग ओठांखाली पडतात, डोळ्यांखाली नाही," बाई म्हणाल्या. "आणि गाजर तोंडातही न धरणाऱ्या बाईचा मास्कही केशरी झालाय. डॉक्टर म्हणतात, टीबीच्या लाल कॅप्सूलने लघवी, घाम, अश्रू, सगळं रंगतं. तीच कॅप्सूल यकृताकरवी पहारेकऱ्यांना झोपवणाऱ्या गोळीचा फडशा पाडते. मास्क बाहेरचे जंतू अडवायला नव्हता, दादा. हिचेच अडवायला होता. टीबी हिला आहे."

दादाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"औषध लांबच्या दवाखान्यातून आणते," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, कोणाला संसर्ग झाला तर त्याने घर सोडायचं. मी गेले असते तर ह्यांचं कोणी बघितलं असतं? माझ्यामुळे ह्यांना होऊ नये म्हणून कॅप्सूल उघडून अर्धी सुपात घालायचे. अर्धी मी घ्यायचे."

"आता बंद केली तर?" दादाने विचारलं.

"प्रयत्न करू," डॉक्टर म्हणाले. "पण यकृत ताळ्यावर यायला दोन आठवडे लागतात. किडनीकडे तेवढा वेळ नाही. खोटी आशा दाखवत नाही."

"ह्यांना टीबी झालाय?" तिने विचारलं.

"तपासण्यांत तरी दिसत नाही."

"मग बरं," ती म्हणाली, आणि हातातला डबा उगाचच उघडून पुन्हा लावला.

बाईंनी कागद पुढे ओढला. "दादा, तक्रार तुमची आहे. कोणाच्या नावाने लिहू?"

दादाचा हात कुशीवरच्या व्रणावर होता. तो डॉक्टरांकडे वळला.

"हिला आधी पुरं औषध सुरू करा," तो म्हणाला. "इतके दिवस अर्धंच घेतलंय तिने."