बारवेचा शिलालेख

"जमादारसाहेब, बारवेचा लेख गेला."

यादीचा कारकून महादेवप्पा धापा टाकत उदगीरच्या चौकीत शिरला. गुरुबसप्पांच्या शेतातली बारव त्यांच्या मालकीची, पण ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत चढलेली. तिचा एक चिराही परवानगीशिवाय हलवायचा नाही. आणि कोनाड्यातला शिलालेखच नाहीसा झाला होता.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. जमादार शेषेराव पोचले तेव्हा बारवेच्या तळाशी जेमतेम चार घागरी पाणी होतं. भोवतीच्या फुफाट्यात बायकांची पावलं तेवढी उमटलेली. गाडीचं चाक नाही, बैलाचा खूर नाही.

चपला काढून ते तळापर्यंत उतरले. एकही पायरी डळमळली नाही. वर आले तेव्हा तळव्याला ओला चुना लागला होता.

"फाटकाची किल्ली कुणाकडं?"

"माझ्याकडंच," गुरुबसप्पा म्हणाले. महिन्यापूर्वी याच बारवेत पडून त्यांची बायको शांतम्मा गेली होती.

"कुणावर संशय?"

"हैदराबादचा एक व्यापारी लेख इकत मागत होता."

"कधी?"

"दिवाळीत."

शेषेरावांनी महादेवप्पाकडून फाईल घेतली. आत दोनच कागद. पहिला गुरुबसप्पांचा दीड वर्षापूर्वीचा अर्ज: सातवी पायरी फुटून गेली आहे, नवी बसवू द्यावी. दुसरा त्यावरच्या उत्तराचा: बसवावी, मात्र बारवेचाच दगड वापरावा, बाहेरचा चालणार नाही. उत्तराची तारीख शांतम्मा गेल्यानंतर नऊ दिवसांची.

"अप्पा, बसा," शेषेराव हळू आवाजात म्हणाले. "लेख बाहेर नेला असता तर फुफाट्यात गाडीची खूण राहिली असती. दगड बाहेर गेलाच न्हाई. अर्जात सातवी पायरी न्हाई, आज हाय. तिचा चुना अजून ओला हाय. किल्ली तुमच्याकडं. लेख पालथा घालून तुम्हीच पायरी केली."

गुरुबसप्पा बारवेच्या काठावर बसले.

"हाव. बारवेचा दुसरा दगड कुठून आणू? आता माझी पोर गौरम्मा आईची घागर घेऊन उतरतीय."

"मग आधीच का न्हाई बसवली?"

"गुन्हा होईल म्हणून भ्यालो. जिल्हा नवा झाला, अर्ज जुन्यातून नव्यात गेला, तिथंच अडकला. शांती रोज म्हणायची, टाका की एक दगड. मी म्हणायचो, थांब, कागद येऊ दे."

महादेवप्पाची मान खाली गेली.

"थांबली बिचारी. दीड वरीस थांबली."

शेषेरावांनी पंचनामा लिहून पुढं केला. गुरुबसप्पांनी न वाचताच सही केली.