धुराड्यात सोडलेली दोरी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यामिनी माझी मावसबहीण आहे, आणि ती उगाच काही बोलणारी बाई नाही.

गेल्या वर्षी कोलकात्यात, खिदिरपूरला घडलेली ही गोष्ट. मे महिना. सकाळचे अकरा. लख्ख ऊन.

तिचा नवरा अजेय केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली झाल्यावर त्यांना गोदीजवळ जुनं दुमजली क्वार्टर मिळालं. हॉलमध्ये इंग्रजांच्या काळातली, भिंतीत बांधलेली शेकोटी होती आणि तिचं धुराडं थेट गच्चीपर्यंत गेलं होतं. त्यात साळुंक्यांनी घरटं केलं होतं.

यामिनीने घाई केली नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबली. त्यानंतरही चार दिवस तिथे कान लावून बसली.

चिवचिव नाही. फडफड नाही.

मगच तिने घरटं काढायला, धुराडी साफ करणाऱ्या हारूदाला बोलावलं. पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्यभर हेच काम केलेला. त्याने शेकोटीच्या तोंडावर ओलं पोतं लावलं. यामिनीला मास्क बांधायला सांगितला.

"घोंसला नीचे गिरे तो आवाज देना, बौदी," म्हणाला. बौदी म्हणजे वहिनी. मग दोरीला लोखंडी आकडा बांधून गच्चीवर गेला.

यामिनी पोत्यासमोर बसली.

आकडा विटांना घासत खाली येत होता. खर्र... खर्र...

मग थांबला.

बराच वेळ काहीच नाही.

"बौदी... ज़रा हाथ दीजिए."

आवाज हारूदाचाच. अगदी हळू. पोत्याच्या लगेच मागून...

गच्चीवरचा माणूस इथे कसा, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने पोत्याचा कोपरा उचलला आणि हात आत घातला. कोपरापर्यंत.

त्याच क्षणी हारूदा ओरडला. वरून, गच्चीवरून.

"बौदी, रस्सी छोड़िए! मैं गिर जाऊँगा!"

तिने हात हिसडून काढला आणि जिन्याकडे धावली.

हारूदा धुराड्याच्या कठड्यावर पालथा पडला होता. दोरी मनगटाला गुंडाळलेली, हात खांद्यापर्यंत आत. दोरी ताठ होती.

आणि थोडी थोडी... आत जात होती.

बाजूला त्याचा कोयता पडला होता. यामिनीने दोरी कापली. ती सर्रकन आत गेली.

खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

संध्याकाळी अजेयने पोतं काढून टॉर्च मारला. आत वरपर्यंत मोकळं होतं. आभाळाचा चौकोन स्वच्छ दिसत होता. घरटं नाही, दोरी नाही, आकडा नाही. शेकोटीत एक काडीसुद्धा पडली नव्हती.

हारूदाने मात्र जाताना, सोललेल्या मनगटाला गमछा गुंडाळत, एकच विचारलं होतं. "आप ही तो नीचे से बोल रही थीं. आरो नामाओ, आरो नामाओ. फिर खींचा क्यों?"

आणखी खाली सोड, असा त्याचा अर्थ. तो यामिनीला नंतर शेजारणीकडून कळला. तिला तेव्हा बंगाली येतच नव्हतं.

पंधरा दिवसांत ते बेहालाला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले.

यामिनीने मला हे सगळं दोनदा सांगितलंय. दोन्ही वेळा मी विचारलं, आत घातलेल्या हाताला काय लागलं?

दोन्ही वेळा ती उठून हात धुवायला गेली.

आता मी विचारत नाही.